धातूच्या मुठीचा घडीचा चाकू: बांधणी, लॉक आणि खिशात बाळगणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनवर जॉब करता करता मी घडीचे चाकू उघडून दुरुस्त करतो, हे आसपास कळल्यापासून मोबाइलवर तेच तेच प्रश्न येत राहतात. शेतकरी विचारतात, ट्रेकला जाणारी पोरं विचारतात, गुऱ्हाळवाले विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट मात्र सगळ्या उत्तरांमागे आहे. लाकडी मुठीच्या चाकूत मूठ हे बहुतेक वेळा वरचं आवरण असतं. धातूच्या मुठीत मूठच सांगाडा असते, आणि कधी कधी मूठच स्प्रिंग आणि मूठच लॉक असते. त्यामुळे असा चाकू पारखायचा तर पात्याच्या चकाकीआधी मुठीकडे बघावं.

1. धातूच्या मुठीच्या चाकूत कोणकोणते भाग असतात?

पातं, मुठीच्या दोन बाजू, आणि पातं ज्या खिळ्यावर फिरतं तो पिव्हट. पातं आणि मूठ यांच्यामध्ये दोन्हीकडे वॉशर असतात, बहुतेक फॉस्फर ब्राँझचे, किंवा बारीक छर्ऱ्यांची बेअरिंग. उघडल्यावर पातं ज्याला टेकून थांबतं ती स्टॉप पिन. मुठीच्या दोन बाजूंत अंतर राखणारा स्पेसर. पात्याचा मुठीत राहणारा जाड भाग म्हणजे बूड, लॉक तिथेच बसतं. शिवाय खिशाला अडकवायची क्लिप आणि स्क्रू. जुन्या पद्धतीच्या चाकूत स्क्रूऐवजी रिबिट असतात, आणि असा चाकू खोलायचा म्हणजे रिबिट फोडावा लागतो.

2. लाकडी मुठीपेक्षा धातूची मूठ चांगली का?

आपल्याकडच्या पावसात, हो. लाकूड जून ते सप्टेंबर ओल धरतं, फुगतं, आणि पातं मुठीत आवळून बसतं. राधानगरी, गगनबावड्याकडच्या लोकांना हे सांगायला नको. धातू फुगत नाही. शिवाय तेवढीच ताकद कमी जाडीत मिळते, म्हणून चाकू खिशात चपटा बसतो.

पण तिचे तोटेही धडधडीत आहेत. हात तेलकट किंवा ओला असेल तर गुळगुळीत धातू निसटतो. उन्हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेला चाकू हातात धरवत नाही. ज्यांचं काम दिवसभर मटणाचं किंवा मासळीचं आहे त्यांना मी धातूची मूठ सुचवत नाही. त्यांना जाड, खरखरीत मुठीची घडी नसलेली सुरीच बरी.

3. स्टील, ॲल्युमिनियम, पितळ, टायटॅनियम: यातलं काय घ्यावं?

आधी वजनाचा हिशोब. मुठीची एक बाजू 110 मिमी लांब, 25 मिमी रुंद आणि 3.5 मिमी जाड धरली, तर दोन्ही बाजू मिळून साधारण 19 घन सेंटीमीटर धातू होतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर सुमारे 52 ग्रॅम, टायटॅनियमचा 85, स्टेनलेसचा 150 आणि पितळेचा 160 ग्रॅमच्या पुढे. आतून धातू कोरून वजन उतरवतात, पण प्रमाण हेच राहतं. पात्याचं वजन त्यावर वेगळं.

ॲल्युमिनियम हलका आणि स्वस्त, पण मऊ. म्हणून त्यावर ॲनोडायझिंग करतात, म्हणजे विजेने वर कडक ऑक्साइडचा थर चढवतात. स्विस सैनिकांना 1961 पासून कित्येक दशकं दिलेला चाकू अशाच ॲनोडाइज केलेल्या, उठावदार नक्षीच्या ॲल्युमिनियम मुठीचा होता. पितळ हातात भरदार लागतं आणि वापरून सुंदर काळवंडतं, पण खिसा ओढतं आणि घामाने बोटांना वास येतो. स्टेनलेस सगळ्यात टिकाऊ आणि परवडणारं, वजन सोसत असेल तर. टायटॅनियम गंजत नाही, थोडं लववलं तरी मूळ जागी परततं, आणि म्हणूनच ते लॉकसाठी उपयोगी (प्रश्न 6).

रोज खिशात ठेवायचा आणि बजेट बेताचं, तर माझं मत स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम. टायटॅनियमसाठी कर्ज काढायची गरज नाही.

4. पत्रा दुमडून केलेल्या मुठीचे जुने चाकू चांगले असतात का?

चांगलेच असतात, आणि मला स्वतःला ते फार आवडतात. एकच पत्रा मधोमध दुमडायचा, त्याच्या खोबणीत पातं बसवायचं, टोकाला एक रिबिट. जर्मनीत झोलिंगनचा मर्केटर, फ्रान्समध्ये थिएर गावचा 1929 पासूनचा डुक-डुक आणि जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी, तिघांची मूठ याच जातीची. हिगोनोकामीला लॉक नाही, स्प्रिंगही नाही. पात्याच्या बुडाला पुढे आलेली एक जीभ असते, ती अंगठ्याखाली दाबून धरली की पातं उघडं राहतं. डुक-डुकला पाठीमागे स्प्रिंग आहे. मर्केटरला पाठीवर दाबायचं लॉक आहे.

यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. सैल झाला तर रिबिटवर हलके ठोके मारून तो आवळता येतो. ठोका मारताना खाली लोखंडी ऐरण हवी, फरशीवर मारलात तर दुसऱ्या बाजूचं डोकं बसत नाही आणि पातं तिरकं होतं.

5. लॉक किती प्रकारचे असतात?

धातूच्या मुठीत नेहमी भेटणारे असे. स्प्रिंगचा, ज्यात पातं फक्त ताणावर उभं राहतं आणि जोर लावला की मिटतं, म्हणजे खरं तर लॉक नाहीच. पाठीवरचं लॉक, मुठीच्या पाठीवर दाबून सोडायचं. लायनर लॉक, ज्यात मुठीच्या आतला पातळ पत्रा सरकून बुडाखाली बसतो. अमेरिकेतले मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकात ते आजच्या रूपात आणलं. फ्रेम लॉक, ज्यात मुठीची एक बाजूच कापून तिची पट्टी लॉक म्हणून वापरतात. आणि बटणाने सुटणारं लॉक.

बटणाने *सुटणारं* लॉक आणि बटणाने *उघडणारा* चाकू यांत गल्लत करू नका. दुसरा म्हणजे आपण खटक्याचा चाकू म्हणतो तो, आणि त्याच्याकडे पोलीस वेगळ्या नजरेने बघतात (प्रश्न 15).

6. फ्रेम लॉक नेमकं काम कसं करतं? मुठीला एवढी लांब चीर कशासाठी?

ती चीरच सगळं काम करते. मुठीच्या एका बाजूला L आकाराची चीर पाडली की एक लांब पट्टी तयार होते, जी फक्त मागच्या टोकाला मुठीशी जोडलेली राहते. त्या मागच्या टोकाजवळ धातू खरवडून एक-दीड मिलिमीटर इतका पातळ करतात, म्हणजे पट्टी तिथून लवते. मग पट्टी आतल्या बाजूला वाकवून ठेवतात. पातं मिटलेलं असताना ती पात्याच्या अंगावर रेलून असते. पातं पूर्ण उघडलं की ती सुटते, आत सरकते आणि बुडाच्या मागे जाऊन बसते. आता पातं मिटायचं तर सबंध पट्टी लांबीच्या दिशेने दाबली जायला हवी, आणि 3-4 मिमी जाड धातू तसा दबत नाही.

वर तुमचीच बोटं त्या पट्टीवर असतात. मूठ जितकी घट्ट धराल तितकं लॉक आत ढकललं जातं. ही रचना क्रिस रीव्ह यांनी 1990 च्या सुमारास सेबेंझा या टायटॅनियमच्या चाकूत आणली आणि तिथून ती जगभर पसरली.

बुडाचा जो भाग लॉकला भिडतो तो सरळ नसतो, 7 ते 10 अंशांचा उतार दिलेला असतो. झीज झाली की पट्टी त्या उतारावर थोडी पुढे सरकते आणि पुन्हा घट्ट बसते. चाकू स्वतःची झीज अशी स्वतःच भरून काढतो. उतार जास्त झाला तर लॉक घसरतं, कमी झाला तर चिकटतं. एका अंशाचा फरक हाताला कळतो.

ॲल्युमिनियमची मूठ असेल तर फ्रेम लॉक सहसा दिसत नाही. ॲल्युमिनियम वारंवार लवलं की थकतं आणि बुडाच्या कडक स्टीलसमोर लवकर झिजतं. तिथे आत स्टीलचं लायनर घालतात.

7. दुकानात चाकू हातात घेतल्यावर लॉक नीट आहे हे कसं ओळखायचं?

पातं उघडा, चाकू उजेडासमोर धरा आणि मुठीच्या मागच्या बाजूने बुडाकडे बघा. नव्या फ्रेम लॉकची पट्टी बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागावर टेकलेली असावी. अगदी काठावर असेल तर घसरायची भीती. नवाच असून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत पोचली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही.

मग पात्याचं टोक दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. जराही हलता कामा नये. डावी-उजवीकडे किंचित हलत असेल तर पिव्हटचा स्क्रू आवळून बहुतेक वेळा ते जातं. वर-खालची हालचाल मात्र लॉकचा दोष असते, स्क्रूने ती जात नाही.

मिटलेला चाकू उलटा धरून हलका झटका द्या. पातं बाहेर येऊ नये. लॉकच्या पट्टीवर एक इवलासा छर्रा असतो, मिटल्यावर तो पात्याच्या भोकात बसतो आणि पातं धरून ठेवतो. तो कमजोर असेल तर चाकू खिशात उघडेल.

पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायचे व्हिडिओ बघून बरेच जण तसं करतात. करू नका. त्याने चांगलं लॉकही खराब होतं, आणि सुटलं तर बोटावर येतं.

8. लॉक चिकटतंय, सोडवताना अंगठा दुखतो. काय करावं?

टायटॅनियम आणि स्टील एकमेकांवर घासले की टायटॅनियम स्टीलला धरतं. नव्या चाकूत हे असतंच, शे-दोनशे वेळा उघडझाप केली की बऱ्यापैकी कमी होतं. तेवढ्यावर भागलं नाही तर लॉकच्या तोंडावर पेन्सिलीचं शिसं घासा. ग्राफाइट कोरडं वंगण आहे, धूळ धरत नाही. लॉकच्या तोंडाला तेल लावू नका, तेलाने लॉक घसरू शकतं. चांगल्या चाकूंत टायटॅनियमच्या पट्टीच्या टोकाला कडक स्टीलचा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, त्यात ही कटकट नसते आणि झिजला तर तुकडा बदलता येतो.

कानस मात्र लावू नका. उतार एकदा बिघडला की पुन्हा जमवायला मशीनच लागतं.

9. ऊस सोलला, गूळ कापला, आता चाकू उघडतच नाही.

हा प्रश्न गळीत हंगामात हमखास येतो. उसाचा रस पिव्हटात शिरतो, वाळतो आणि वॉशर पात्याला चिकटवून टाकतो. जोर लावून उघडू नका, तेल तर मुळीच टाकू नका. साखर तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. चाकू कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, पाण्यातच हळूहळू हलवा, मग भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुवा. झटकून घ्या, फॅनखाली पूर्ण वाळू द्या आणि मगच पिव्हटात तेलाचा एक थेंब. एकच.

कुठलं तेल? फळं-भाजी कापत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. शिलाई मशीनचं तेल चाकूला चालतं, पोटाला नाही. खोबरेल टाळा. थंडीच्या दिवसांत सकाळी ते थिजतं आणि काही महिन्यांनी चिकट होतं. खोबरेलाने जाम झालेले चाकू माझ्याकडे गुळापेक्षा जास्त येतात.

10. स्क्रू सारखे सैल होतात.

स्क्रूचा आटा आधी स्पिरिटने पुसा, मग निळं थ्रेडलॉकर (आटा जागी धरून ठेवणारा गोंद) अगदी सुईच्या टोकाएवढं लावा. लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. स्क्रू बहुतेक टॉर्क्स डोक्याचे (सहा टोकांच्या चांदणीसारखा खाचा असलेले), टी-6 किंवा टी-8 मापाचे असतात. त्यात षटकोनी ॲलन की ठोकून बसवली की डोकं गेलंच म्हणून समजा.

11. टायटॅनियम किंवा स्टेनलेस म्हणजे गंजाची काळजी नाही ना?

मुठीपुरती नाही. क्लिप, स्क्रू, छर्रे आणि पातं वेगळ्या धातूंचे असतात. डी-2 स्टीलच्या पात्यात सुमारे 12 टक्के क्रोमियम असतं, तरी ते पूर्ण स्टेनलेस नव्हे. ओल्या खिशात राहिलं तर ठिपके पडतात. मालवणला जाऊन आलात तर चाकू गोड्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमच्या मुठीत स्टीलचे स्क्रू असतील तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची आपसात झीज सुरू होते, स्क्रूभोवती पांढरी पूड दिसते ती हीच.

12. चाकू खिशात कुठे आणि कसा ठेवावा?

जाड कापडाच्या पँटीत क्लिपने, खिशाच्या मागच्या शिवणीला लागून. म्हणजे समजा पातं थोडं उघडलंच तर शिवण त्याला अडवते. मोबाइल आणि किल्ल्या त्या खिशात नकोत, धातूची मूठ मोबाइलच्या काचेची वाट लावते. दुचाकीवर बसताना मागच्या खिशात कधीच नाही.

लेंग्याच्या पातळ कापडावर क्लिप धरत नाही आणि चाकूच्या वजनाने खिसा लोंबतो. शेतावर लेंगा घालणाऱ्यांनी कमरेच्या पट्ट्याला म्यान लावावं (प्रश्न 13).

13. चप्पल लाइनमधून चामड्याचं म्यान करून घेतलं तर?

जरूर घ्या. आपल्याकडचं झाडपाल्यावर कमावलेलं चामडं ताठ राहतं, आकार धरतं, म्यानाला याहून चांगलं काही नाही. कारागिराकडे चाकू प्रत्यक्ष घेऊन जा, नुसतं माप नेऊ नका. तोंड इतकं आवळ हवं की उलटं धरलं तरी चाकू पडू नये.

मात्र म्यान वापरायला आहे, साठवायला नाही. चामडं ओल धरतं आणि कमावण्यातलं टॅनिन धातूवर डाग पाडतं. पितळेच्या मुठीवर हिरवा थर चढतो, साध्या लोखंडी पात्यावर काळे डाग. पावसाळ्यात घरी आलात की चाकू म्यानाबाहेर काढून ठेवा.

14. क्लिप लावून घेतल्यापासून चाकू बोटाने उघडतच नाही. छर्रा खराब झाला का?

बहुधा नाही. फ्रेम लॉकच्या चाकूत क्लिप अनेकदा लॉकच्या बाजूलाच असते. खिशातून काढताना चार बोटं त्या पट्टीवर येतात आणि उघडतानाही ती दाबलेलीच राहतात. पट्टी दाबली की छर्रा भोकात आणखी रुततो आणि पातं हलत नाही. बोटं पट्टीवरून काढून मुठीच्या कडांवर ठेवा आणि मग उघडा. नव्वद टक्के तक्रार तिथेच मिटते.

डावखुऱ्यांचा उलटा घोळ होतो. पट्टी त्यांच्या तळहाताकडे येते आणि सोडवायला अंगठ्याऐवजी बोट वापरावं लागतं. त्यांनी पाठीवरचं लॉक किंवा बटणाने सुटणारं लॉक बघावं.

15. कायद्याने खिशात चाकू चालतो का? तीन इंचांचा नियम खरा आहे?

तीन इंचांचं जे सगळीकडे फिरतं ते दिल्लीच्या अधिसूचनेतून आलं आहे. तिच्यात 7.62 सेंमी किंवा त्याहून लांब पात्याच्या बटणाच्या चाकूंचा विषय आहे. तो आपल्या जिल्ह्याचा नियम नव्हे.

देशभरासाठी शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 आहेत. त्यात 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या वर्गात धरली आहेत आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं वगळली आहेत. खिशातला घडीचा चाकू या मापाच्या खूप खाली येतो.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली जिल्ह्यात बंदी आदेश निघतात, सण, निवडणुका, आंदोलनं असली की हमखास. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी सुरे, काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला मनाई असते. तिथे पात्याची लांबी कोणी मोजत नाही. आदेश वर्तमानपत्रांत येतो, वाचत चला. एरवीही चाकू कशासाठी जवळ आहे याचं सरळ, खरं उत्तर तुमच्याकडे असावं. शेतावर निघालेल्या माणसाकडे ते असतं. रात्री बारा वाजता मिरवणुकीत नाचणाऱ्याकडे नसतं. स्वसंरक्षणासाठी ठेवला आहे असं कोणी म्हणालं तर मी त्याला चाकू घरी ठेवायला सांगतो. हे वकिली मत नाही. प्रकरण अंगावर आलं असेल तर वकिलाकडेच जा.

16. अंबाबाईला, कोर्टात किंवा विमानतळावर जाताना काय करावं?

देवळात आणि कोर्टात चाकू नेऊच नका. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झाल्यामुळे बाहेरगावचेही पुष्कळ लोक कोर्टाकडे येतात. दारात तपासणी होते आणि दाराबाहेर चाकू ठेवणार कुठे? उजळाईवाडीहून विमानाने जाताना हातातल्या बॅगेत कुठलाच चाकू ठेवू नका. मोठ्या बॅगेत, मिटवून, कापडात गुंडाळून तो सामानाबरोबर द्या.

17. ऑनलाइन घेतलेला टायटॅनियमचा चाकू खरा आहे का? चुंबक तर चिकटत नाही.

चुंबकाने निम्मंच कळतं. 304 जातीचं स्टेनलेसही चुंबकाला जवळपास दाद देत नाही, म्हणून चुंबक न चिकटणं हा पुरावा नाही. मूठ खोला, क्लिप आणि स्क्रू काढा, आणि मुठीची नुसती एक बाजू बारीक काट्यावर तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून वजन शून्य करा आणि तीच बाजू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटीमीटर तिचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. 4.4 च्या आसपास आलं तर टायटॅनियम, 7.9 ला स्टेनलेस, 2.7 ला ॲल्युमिनियम. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे असा काटा असतोच.

ग्राइंडरवर ठिणगी बघूनही कळतं, टायटॅनियमची ठिणगी झगझगीत पांढरी पडते. पण त्यासाठी मुठीवर ओरखडा घ्यावा लागतो. निळा-जांभळा रंग बघून ठरवू नका. टायटॅनियमवर तो रंग व्होल्टेजने चढवलेल्या ऑक्साइडच्या थराचा असतो खरा, पण ॲल्युमिनियमही हव्या त्या रंगात रंगवून मिळतं.

18. उद्यमनगरात असा चाकू करून मिळेल का?

मशीन सगळी आहेत. मुठीच्या बाजू व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), लॉकची चीर वायरकटवर (विजेच्या तारेने धातू कापणारं मशीन), पिव्हटचं भोक ड्रिलनंतर रीमर मारून, म्हणजे नेमक्या मापाला गुळगुळीत करून. पातं ईएन-31 या बेअरिंगच्या स्टीलचं केलं तर धार छान धरतं, पण गंजतं. अडतं ते दोन ठिकाणी. पात्याला पाणी दिलं (तापवून एकदम थंड करून कडक केलं) की ते किंचित वाकतं, म्हणून बुडाचा उतार पाणी दिल्यानंतर ग्राइंड करायचा, आधी नाही. आणि एका नगासाठी सेटिंगलाच दिवस जातो, त्यामुळे खर्च विकतच्या चाकूपेक्षा वर जातो.

हौस असेल तर पहिला चाकू फ्रेम लॉकचा करू नका. प्रश्न 4 मधल्यासारखा पत्रा दुमडून, जीभ असलेला, एका रिबिटचा करा. दीड मिमी स्टेनलेस पत्रा आणि 3 मिमी पातं पुरतं. पत्रा दुमडताना आत पात्याच्या जाडीची पट्टी आणि दोन्हीकडे वॉशरच्या जाडीचा शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) ठेवा, म्हणजे खोबण नेमक्या मापाची येते.